तास सुरू होताना रेणू जुळलेला, वीस मिनिटांनी प्रत्येकाचा वेगळा: नेमकं काय तपासायचं

"आता हीमच्या खाली बघा. अल्फा साखळीतलं ८७ क्रमांकाचं हिस्टिडीन लोहाला कसं धरून आहे, दिसतंय का?"

ऑनलाइन तास, स्क्रीनवर हिमोग्लोबिनचा रेणू; हीम म्हणजे त्यातला लोह धरणारा भाग. दोन सेकंद शांतता. मग एकजण माइक सुरू करतो, "मॅडम, माझ्याकडे मागची बाजू दिसतेय." दुसरीला दिसतंय, पण सगळा रेणू बोटाच्या पेराएवढा. तिसऱ्याच्या स्क्रीनवर तो अजून गरगर फिरतोच आहे, आणि मी तर फिरणं पाच मिनिटांपूर्वीच थांबवलं होतं.

सगळ्यांना पान रिफ्रेश करायला लावलं की जुळतं. वीस मिनिटांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मांडणी बहुतेक जण करतात तीच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं मॉडेल, ते दाखवायला जेएसमोल, थ्रीडीमोल, एनजीएल किंवा मोलस्टार यांपैकी एखादा व्ह्यूअर. शिकवणाऱ्याने मॉडेल फिरवलं की त्याची बातमी सर्व्हरमार्फत सगळ्यांकडे जाते आणि तिथलं मॉडेल तसं वळतं. स्क्रीन शेअर करून मोकळं का होत नाही, असं सहकारी विचारतात. कारण स्क्रीन शेअरमध्ये विद्यार्थी नुसता बघतो. इथे "आता तुम्ही फिरवा" म्हणता येतं. शिवाय व्हिडिओच्या मानाने हा भार किरकोळ आहे: एका व्ह्यूचे, म्हणजे मॉडेल आत्ता कसं दिसतंय त्याचे, आठ आकडे लिहिले तर शंभर-दीडशे अक्षरं, सेकंदाला बारा वेळा पाठवले तरी दोन किलोबाइटच्या आत. म्हणूनच "नेट स्लो असेल" हे उत्तर मला पटत नाही. नेट वाईट असलं तर मॉडेल अडखळेल, उशिरा वळेल. वीस मिनिटांनी कायमचं वाकडं राहील, हे नेटचं काम नाही.

आधी एक ओळ लावा

दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चार गोष्टी दाखवा: कोणती फाइल उघडली आहे, तिच्यात अमिनो आम्लं किती मोजली गेली, शेवटच्या मेसेजचा क्रमांक, आणि तो येऊन किती सेकंद झाले. माझ्याकडे ती ओळ अशी दिसते (४एचएचबी हे हिमोग्लोबिनच्या एका फाइलचं नाव): "४एचएचबी, ५७४, मेसेज १८४२, १ से."

आता कोणी "दिसत नाही" म्हटलं की मी फक्त ही ओळ वाचायला सांगते. मेसेजचा क्रमांक माझ्यापेक्षा खूप मागे असेल तर दोष पोचण्यात आहे. क्रमांक तोच, पण चित्र वेगळं, तर दोष मेसेज लावण्यात आहे. अमिनो आम्लांचा आकडाच वेगळा असेल तर त्या विद्यार्थ्याकडे मुळात वेगळं मॉडेल उघडलंय आणि कोन जुळवण्यात अर्थच नाही. ही ओळ लावण्याआधी मी दोन महिने चुकीच्या जागी खणत होते.

हालचाल पाठवताय की स्थिती?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण "हळूहळू वाकडं होत जातं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

माउस किती सरकला ते पाठवणं सोपं वाटतं: "दहा पिक्सेल उजवीकडे, चार खाली." पण हा उधारीचा हिशोब आहे. एक नोंद हुकली की पुढची प्रत्येक बेरीज चुकीची, आणि ती चूक आपोआप कधीच भरून निघत नाही. त्यातून खिडकीचा आकार वेगळा असला तर दहा पिक्सेलचा कोनही वेगळा पडू शकतो. जेएसमोलमध्ये सिंक नावाची कमांड आहे. एकाच पानावर शेजारी ठेवलेली दोन मॉडेलं एकमेकांना बांधायला ती झकास. दोन्ही एकाच यंत्रावर, मध्ये काही हरवायला जागाच नाही. तोच विचार नेटवर्कवर ओढला की मात्र फसगत होते. मीही तेच केलं होतं.

उपाय असा: "किती वळलं" हे पाठवायचं नाही, "आत्ता कसं आहे" ते पाठवायचं. थ्रीडीमोलमध्ये गेटव्ह्यूला विचारलं की आकड्यांची एक यादी मिळते. पहिले तीन सरकण्याचे, चौथा झूमचा, पुढचे चार फिरण्याचे; फिरण्याची स्थिती सांगणाऱ्या या चार आकड्यांच्या गटाला क्वाटर्नियन म्हणतात. समोरच्या बाजूला ती जशीच्या तशी सेटव्ह्यूला द्यायची. मोलस्टारमध्ये कॅमेरा कुठे आहे, कुठे बघतोय आणि वरची दिशा कोणती, हे एकत्र मिळतं. जेएसमोलला सध्याचं ओरिएंटेशन विचारलं की तो तयार मूव्हटू कमांडच हातात देतो. आता मधले पाच मेसेज हरवले तरी सहावा आला की सगळं जागेवर.

मूव्हटूमध्ये एक खाच आहे. पहिला आकडा हालचालीला किती सेकंद लावायचे ते सांगतो. तिथे एक लिहिलं आणि सेकंदाला बारा मेसेज पाठवले, तर समोरच्या जेएसमोलकडे दर सेकंदाला बारा सेकंदांचं काम साचतं. विद्यार्थ्याला मग संथ, सुंदर आणि संपूर्ण शिळी फिल्म दिसत राहते. तिथे शून्यच हवं.

शून्य ठेवल्यावर मॉडेल टकटक उड्या मारतं, म्हणून दोन स्थितींच्या मधली वाट आपण स्वतः भरतो. ते करताना क्वाटर्नियनची एक गंमत लक्षात ठेवावी लागते: चारही आकड्यांची चिन्हं उलटी केली तरी फिरणं तेच राहतं. म्हणजे एकाच स्थितीची दोन नावं. शेजारच्या दोन मेसेजमध्ये चिन्ह पलटलं, तर मधली वाट भरणारा कोड रेणूला लांबच्या बाजूने फिरवून आणतो. "मॅडम, मध्येच ते उलटं गिरकी घेतं" अशी तक्रार आली की हेच समजायचं. दोन्ही क्वाटर्नियनचे आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज करा. ती ऋण आली तर एकाची चिन्हं बदला, मग वाट भरा. भरल्यावर क्वाटर्नियनची लांबी पुन्हा एकवर आणा. काम तीन ओळींचं, पण कोणी सांगितलं नाही तर आठवडा जातो.

आपोआप फिरण्याबद्दल इथेच सांगते. "फिरायला लाग" ही कमांड प्रत्येक यंत्राला वेगळ्या क्षणी पोचते, आणि जुन्या फोनवर फ्रेम गळतात. "थांब" येईपर्यंत प्रत्येकजण वेगळ्या कोनावर असतो. फिरवायचंच असेल तर फक्त शिकवणाऱ्याच्या यंत्रावर फिरवा आणि बाकीच्यांना त्याचा व्ह्यू जाऊ द्या.

लपलेला टॅब

स्थिती पाठवायला लागल्यावर माझी बरीचशी कटकट मिटली. पण सगळी नाही. विशेषतः चाळीस जणांच्या वर्गात चार-पाच जण कायम मागे पडायचे, आणि दर वेळी तेच नव्हे. शेवटी एकाला विचारलं, "मधल्या वेळात तू काय करत होतास?" तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, नोट्स लिहीत होतो. दुसऱ्या टॅबमध्ये."

त्याची चूक नव्हती. टॅब मागे गेला की ब्राउझर त्याचं चित्र रंगवणं थांबवतो आणि रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र कधी रंगवायचं ते सांगणारी सोय, जवळपास बंद पडते. टायमर सेकंदाला एकदा, एवढ्यावर येतात. क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, पाच मिनिटांहून जास्त लपलेल्या आणि आवाज न करणाऱ्या पानाचे, एकातून दुसरा असे साखळीने चालणारे टायमर मिनिटाला एकदापर्यंत मागे ओढले जातात. वेबआरटीसीचं (ब्राउझर ते ब्राउझर थेट जोडणी) चालू कनेक्शन असलेल्या पानाला त्यातून सूट आहे, नुसत्या वेबसॉकेटला (ब्राउझर ते सर्व्हर उघडी राहणारी जोडणी) नाही. मेसेज मात्र येतच राहतात. तुमचा कोड ते रांगेत ठेवत असेल आणि रांग फ्रेमगणिक उपसत असेल, तर दहा मिनिटांनी परतलेल्या विद्यार्थ्यासमोर हजारो मेसेज तुंबलेले असतात. तो बिचारा मागचा तास फास्ट फॉरवर्डमध्ये बघत बसतो.

हेच शिकवणाऱ्याच्या बाजूनेही होतं, आणि ते शोधायला मला जास्त वेळ लागला. मी मीटिंगच्या खिडकीत चॅट वाचायला जायचे, मॉडेलची खिडकी पूर्ण झाकली जायची. पूर्ण झाकलेली खिडकीही काही ब्राउझर लपलेलीच धरतात. माझा पाठवणारा टायमर रेंगाळायचा आणि आख्खा वर्ग एकदम मागे पडायचा.

इथे मेसेजचे दोन प्रकार मानले की गुंता सुटतो. व्ह्यू हा नाशवंत माल आहे: नवा आला की जुना टाकून द्यायचा. त्याच्यासाठी रांग नकोच, एकच खण ठेवा आणि त्यात शेवटचा मेसेज ठेवत जा. रंग बदल, साखळी लपव, हे अंतर मोज, अशा कमांड मात्र एकही हरवता कामा नये आणि क्रम बदलता कामा नये. वेबआरटीसी वापरत असाल तर दोन वेगळे डेटा चॅनल उघडा: कमांडसाठी क्रमाने आणि खात्रीने पोचवणारा, व्ह्यूसाठी क्रमाचं बंधन नसलेला आणि पुन्हा पाठवण्याची संख्या शून्य ठेवलेला. वेबसॉकेटमध्ये ही चैन नाही. ते टीसीपीवर चालतं, एक तुकडा अडला की मागचे सगळे त्याच्यामागे थांबतात. तिथे सर्व्हरवरच प्रत्येक विद्यार्थ्यामागे व्ह्यूचा एक खण ठेवावा आणि पाठवण्याआधी बफर्ड-अमाउंट, म्हणजे अजून न गेलेलं किती साचलंय, ते बघावं. आधीचंच गेलं नसेल तर नवं ढकलू नये.

आणि टॅब पुन्हा समोर आला की, म्हणजे व्हिजिबिलिटी-चेंजची घटना घडली की, विद्यार्थ्याच्या पानाने सर्व्हरकडे पूर्ण चित्र मागायचं: कोणती फाइल, कमांडची आजवरची यादी, शेवटचा व्ह्यू. उशिरा आलेल्या विद्यार्थ्यालाही हेच द्यायचं. "रिफ्रेश केलं की जुळतं" हा अनुभव इथूनच येतो. मग रिफ्रेश पानानेच करावं, वीस मुलांना का सांगत बसायचं?

दोन मिनिटं हात न लावल्यावर

ही अडचण फार फसवी आहे. मी मॉडेल एका जागी ठेवून फळ्यावर ऑक्सिजन बांधला जाण्याचा वक्र समजावत असते. दोन-तीन मिनिटं मॉडेलला हात नाही. परत येऊन फिरवते, आणि कोणाकडेच हलत नाही. एररही नाही.

वेबसॉकेटच्या मध्ये एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर असेल तर त्याचा प्रॉक्सी-रीड-टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात मागच्या सर्व्हरकडून काही आलं नाही की तो कनेक्शन बंद करतो. मधले फायरवॉल आणि राउटर तर न सांगताच विसरतात. दर २०-२५ सेकंदांनी सर्व्हरने पिंग पाठवावं आणि उत्तर मोजावं. विद्यार्थ्याच्या पानाने ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही तर स्वतःहून पुन्हा जोडून घ्यावं, प्रत्येकाने थोडं थोडं वेगळं थांबून, नाहीतर सगळे एकाच क्षणी दारावर धडकतात. जोडलं की पूर्ण चित्र मागायचं, वर सांगितलं तसं. कोपऱ्यातल्या ओळीतला "किती सेकंद झाले" हा आकडा इथे कामाला येतो: तो ६० ओलांडून वाढतच चालला की कनेक्शन मेलंय हे विद्यार्थी स्वतःच सांगतो.

प्रतिध्वनी

दोघांच्या स्क्रीनवर रेणू थरथरत असेल, जणू थंडी वाजतेय, तर बघा: आलेला व्ह्यू लावल्यावर तुमच्याच "व्ह्यू बदलला" कॉलबॅकने (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडने) तो परत पाठवला का? मग समोरचा तो लावतो, तोही परत पाठवतो, आणि चेंडू थांबत नाही. प्रत्येक मेसेजवर पाठवणाऱ्याची खूण असावी, बाहेरून आलेला व्ह्यू लावताना पाठवणं बंद असावं, आणि सर्व्हरने एका वेळी एकाच्याच हातात सूत्रं द्यावीत. विद्यार्थ्याला "तू दाखव" म्हणताना सूत्रं बदलली की एक पाळी क्रमांक वाढवायचा. जुन्या पाळीचे उशिरा आलेले मेसेज मग आपोआप फेकले जातात. क्रम ठरवायला घड्याळाची वेळ वापरू नका. विद्यार्थ्यांच्या यंत्रांवरची घड्याळं जुळतील याचा काही भरवसा नाही.

फाइल तीच आहे ना?

कोपऱ्यातल्या ओळीतल्या अमिनो आम्लांच्या आकड्याने मला सगळ्यात मोठा धक्का इथे दिला. हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेतं तेव्हा अल्फा-बीटाची एक जोडी दुसऱ्या जोडीच्या मानाने सुमारे १५ अंशांनी वळते, ते दाखवायला मी ४एचएचबीवरून १एचएचओवर जाते. पहिलं ऑक्सिजनविना, दुसरं ऑक्सिजनसह. ४एचएचबीच्या फाइलमध्ये चारही साखळ्या आहेत: १४१च्या दोन आणि १४६च्या दोन, मिळून ५७४. १एचएचओच्या फाइलमध्ये मात्र एक अल्फा आणि एक बीटा एवढंच आहे. उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सममितीने तयार करावा लागतो, त्याला बायॉलॉजिकल असेंब्ली म्हणतात. माझ्याकडे असेंब्ली उघडली होती. ज्यांच्या ब्राउझरने कॅशमधली जुनी फाइल उचलली, त्यांच्या ओळीत २८७ होतं.

अर्धा रेणू असला की त्याचा मध्यही वेगळ्या जागी. फिरणं मध्याभोवती होतं, म्हणून क्वाटर्नियन शेवटच्या दशांशापर्यंत जुळूनही त्यांचं मॉडेल स्क्रीनच्या कडेला भिरभिरत होतं. फिरणारं चित्र मुळातच वेगळं असताना १५ अंशांचा फरक कोणाला दिसणार!

तेव्हा फाइल एकाच ठिकाणाहून, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून द्या, नावात आवृत्ती घाला, आणि फिरण्याचा मध्य स्पष्ट आकड्यांत पाठवा. व्ह्यूअरला स्वतःचा मध्य शोधू देऊ नका. फाइल उघडायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो, म्हणून "उघडलं" अशी पोच येईपर्यंत पुढच्या कमांड त्या पानावर रोखून धरा. नाहीतर "हीम लाल कर" ही कमांड रिकाम्या पडद्यावर चालते, काहीच सापडत नाही, आणि एररही येत नाही. जेएसमोलमध्ये यासाठी लोड-स्ट्रक्ट-कॉलबॅक आहे. पीडीबी या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये हीम ज्या साखळीच्या अक्षराखाली असतं, त्याला एमएमसीआयएफ या नव्या प्रकारच्या फाइलमध्ये आणखी एक स्वतंत्र अक्षरही मिळतं. कोणता व्ह्यूअर कोणतं धरतो ते बघूनच निवडीची कमांड लिहा. एनएमआर या पद्धतीने मिळवलेल्या रचनेच्या फाइलमध्ये तर एकाच रेणूच्या अनेक प्रती असतात, युबिक्विटिन या प्रथिनाच्या १डी३झेड फाइलमध्ये दहा. कोणती प्रत दाखवायची हाही स्थितीचाच भाग.

उरलेलं

बोटाच्या पेराएवढा रेणू ही झूमची भानगड. थ्रीडीमोलमधला झूमचा आकडा कॅमेऱ्याचं अंतर सांगतो, आणि ते उंचीच्या हिशोबाने बसतं. उभ्या धरलेल्या फोनवर मग बाजू कापल्या जातात. हे टाळायला आकडा जसाच्या तसा न पाठवता "खिडकीच्या लहान बाजूत रेणूचा किती भाग मावतोय" असं प्रमाण पाठवावं आणि प्रत्येकाने आपल्या खिडकीप्रमाणे अंतर काढावं.

एखादाच विद्यार्थी कधीच जोडला जात नसेल आणि तुम्ही वेबआरटीसी वापरत असाल, तर त्याच्या नेटवर्कवर यूडीपी (वेबआरटीसी मुख्यतः वापरते ती वाहतूक) अडवलेलं असण्याची किंवा एनएटी (अनेक यंत्रांना बाहेरचा एकच पत्ता देणारी सोय) फार कडक असण्याची शक्यता मोठी. टर्न सर्व्हर, म्हणजे मधला निरोप्या, ४४३ पोर्टवर टीएलएसने (सुरक्षित जोडणीने) ठेवा. पान एचटीटीपीएसवर असेल तर वेबसॉकेटही सुरक्षितच हवं, साधं डब्ल्यूएस ब्राउझर उघडूच देत नाही.

नवी मांडणी वर्गात नेण्याआधी एकाच टेबलावर दोन यंत्रं ठेवून अर्धा तास घालवते. एकावर टॅब सहा मिनिटं मागे टाकते, मग पुढे आणते. दुसऱ्यावर तीन मिनिटं काहीच करत नाही. एकाचं वाय-फाय काढून पुन्हा लावते. लॅपटॉप मिटते, उघडते. मग दोन्हीकडच्या कोपऱ्यातल्या ओळी शेजारी ठेवून वाचते.

एवढं करूनही परवा एकीने सांगितलं की तिचं मॉडेल सारखं आपोआप वळतं. क्रमांक जुळत होता, फाइल जुळत होती. ती फोनवर होती आणि पान खाली सरकवायला बोट नेमकं मॉडेलवरून ओढत होती. आता मॉडेलवर एक बटण आहे, "मॅडमसोबत" आणि "माझं मी". पहिलं निवडलेलं असलं की बोटाने फक्त पान सरकतं.